वाळूतला डोंगर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकास विमानात बसण्यास अपात्र ठरविण्यात आले आहे. कारण – पोट!

हा निकाल गुऱ्हाळातल्या गुळाच्या काट्यावर लागला. कुंडलला, माझा मित्र विलास याच्या शेतात. काट्यावर मला उभं करून आष्ट्याचे कॅप्टन म्हणाले, "आबा, तुमी बसला तर विमान डोंगर चडायचं न्हाई, बोगदा शोधंल." कॅप्टन म्हणजे आर्मीत विमान चालवून रिटायर झालेला माणूस. सगळे हसले. विलाससुद्धा... त्या आठवड्यात तो हसला तेवढंच.

आता मुद्द्यावर येतो. भूत, भानामती, अंगात येणं यावर माझा कधीच विश्वास नव्हता. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी भर पारावर नक्कल करत आलोय. तरीही हे लिहितोय.

विलासचा धाकटा भाऊ संजय, फौजी, सुट्टीवर आलेला. जंगलवाटेनं एकटाच कोकणात उतरतो म्हणून कोयनेपलीकडच्या डोंगरात शिरला आणि उतरलाच नाही. चार दिवस लोक शोधत होते. घरी त्याची बायको सुनंदा नुसती उंबऱ्यावर बसून असायची. तेव्हा कॅप्टननी ओळखीतून दोन सीटचं छोटं विमान मिळवलं. कराडहून उडायचं, दऱ्यांतून अगदी खालून जायचं, डोळ्यांनी शोधायचं. परवानगी हातात येईपर्यंत प्लॅनिंग.

फौजी माणसाचं प्लॅनिंग कागदावर होत नाही, जमिनीवर होतं. खळ्यात कॅप्टननी वाळू-मातीचे डोंगर उभे केले. नदी निळ्या रांगोळीची, जंगल उसाच्या पाचटाचं. त्याला ते सँड मॉडेल म्हणत. हाताचं विमान करून ते मॉडेलभोवती चालायचे. "डोंगराची धार सरळ नाही ओलांडायची, विलास, तिरपी. वाऱ्यानं खाली दाबलं तर वळून मागं येता आलं पायजे. आणि दरीच्या मधनं नाही, कडेकडेनं."

पहिल्याच दिवशी दुपारी तिसऱ्या धारेमागच्या घळीत ओल दिसली. तळहाताएवढी.

"आबा, च्या सांडला?"

"देवाशप्पत न्हाई! माझ्या हातनं च्या कवा सांडलाय का?"

"मग वाळवा. वल धरली की माती बसती, उंची चुकती. उंची चुकली की आम्ही दोघं डोंगरात."

मी खुरप्यानं ओली माती काढली, नारळाच्या बुडात टाकली, कोरडी भरली. तासाभरात ओल पुन्हा हजर! मी कमरेवर हात ठेवून तिला भाषण ठोकलं, मग आणखी खोल खणलं. खालची माती मुठीत दाबली तर पाणी गळलं, गार. खळ्याखाली पाइप नाही, टाकी नाही, आणि दिवस उन्हाळ्याचे. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मी चुलीतली राख आणून ठासली, तेव्हा कुठे ओल थांबली. "फत्ते!" असं ओरडून मी कॅप्टनना सॅल्यूट ठोकला. सुनंदा उंबऱ्यावरून बघत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी विमान उडालं. तिसऱ्या धारेमागं, मॉडेलात ओल यायची बरोब्बर त्याच घळीत, विलासला खडकावर पसरलेला लाल टॉवेल दिसला. त्याशेजारी माणूस. हलत नव्हता.

आम्ही चालत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. संजयचा पाय घोट्यात मोडला होता. पण डॉक्टर नंतर म्हणाले, पायानं नाही गेला, पाण्यावाचून गेला, आणि फार वेळही झालेला नव्हता. त्याच्या हाताशी खडकात एक झरा होता... म्हणजे झऱ्याचा खड्डा. कोरडा. तळाला बोटांनी खरवडल्याच्या खुणा. आमच्याबरोबर आलेले वाडीतले लोक त्या खड्ड्यात वाकून वाकून बघत होते. "ह्ये पानी कवाच आटत न्हाई," एवढंच म्हणत होते. "आमच्या आज्यानं बी आटल्यालं बघितलं न्हाई."

भूजलवाल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, झरे आटतात, त्यात काय. असेल. खळ्यातली ओल कुठून आली, ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर विलासनं सुनंदाला त्या झऱ्याचं सांगितलं. तिच्यापासून लपवायचं नाही म्हणून सगळं सांगितलं. मी तिथंच खळ्याच्या कडेला उभा होतो. ती आधी विलासकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं –

"आवं भावजी, मग त्यांचं पानी तुमीच उपसून टाकलंसा की वो!"