पूर्वीच्या माणसांची मापं

मुंबईला जायचं म्हटलं की आमच्या कराडात लोक दोनच प्रश्न विचारतात: समुद्र बघणार का, आणि उतरणार कुणाकडे. या खेपेला मी एक चोळी बघायला निघाले होते. हे कुणाला सांगून पटलं नसतं, म्हणून सांगितलंच नाही.

माझी थोरली बहीण सुनंदा करी रोडला राहते. तिच्या मुलीचं, मुग्धाचं, लग्न ठरलं आणि दाजींच्या, म्हणजे सुनंदाच्या नवऱ्याच्या, मनात एकच हौस भरली. त्यांच्या आजीची खणाची चोळी घालून पोरीनं बोहल्यावर उभं राहायचं. चोळी मुग्धाला होईना. "तू शिवणवाली आहेस, काहीतरी कर," असं सुनंदा फोनवर म्हणाली आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "पोरगी जेवत नाहीये गं." आयुष्यभर शिवणक्लास चालवलाय मी. चोळी उसवून वाढवणं माझ्या हातचा मळ. पण ते जेवणाचं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीची पहाटेची एसटी धरली.

उतरायचं होतं परळला. डोळा लागला होता, कंडक्टरनं दादर पुकारलं आणि मी दचकून पिशवीसकट खाली उतरले. गाडी गेल्यावर कळलं की आपण आधीच उतरलोय. मग टॅक्सी केली आणि मुकाट्यानं करी रोडला पोचले. जुनी चाळ पाडली तिथेच सुनंदाचा टॉवर उभा आहे. तिच्या खिडकीतून लालबागचा रस्ता दिसतो, आणि एका बंद गिरणीचं धुराडं तेवढं शिल्लक राहिलंय.

चहा व्हायच्या आत दाजींनी चोळी माझ्या मांडीवर ठेवली. अंजिरी रंगाचा खण, पिवळे काठ, पुढे गाठ मारायची जुन्या पद्धतीची चोळी. सगळं हातशिवण. रंग तर असा, की काल दुकानातून आणलीय म्हणावं.

"आजी तरुणपणी चवळीची शेंग होती," दाजी कौतुकानं म्हणाले. "म्हातारपणी सुटली ती गोष्ट वेगळी. पूर्वीची माणसंच बारीक आणि काटक. आताच्या पोरींना नुसतं बसून खायचं माहीत."

आताची पोरगी शेजारच्या खोलीत लॅपटॉपसमोर काकडीच्या चकत्या खात बसली होती आणि तिला शब्दन् शब्द ऐकू येत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण दाजी पडले, काय बोलणार? मी चोळी उलटी केली. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना भरपूर कापड दुमडून ठेवलं होतं. मी खूश झाले आणि मोठ्या तोऱ्यात निदान केलं: "कापड आटलंय. आणि आत माया भरपूर सोडलीय (माया म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड). उसवते, वर जरा जोड देते, झालं."

मुग्धा दारात येऊन उभी राहिली. "मावशी, उसवू नकोस प्लीज. मी उतरवते ना वजन. पणजीला होत होती तर मला का नाही?" सत्तावीस वर्षांची, ऑफिसात माणसं हाताखाली असलेली मुलगी, आणि गालफडं बसलेली. मी तिला जवळ बसवून घेतलं आणि चोळी पिशवीत टाकली.

संध्याकाळी तिला बाहेर काढायचं म्हणून लालबागला मसाल्याच्या गल्लीत गेलो. मिरच्यांच्या ढिगांजवळ गेलं की आधी ठसका आणि मग भूक लागते असा माझा अनुभव. मुग्धाला नुसताच ठसका लागला. मी तिच्यासाठी शिकेकाई आणि रिठे घेत होते, तर शेजारची एक बाई हसून म्हणाली, "पूर्वी म्हणे लोक आठवड्यातून एकदाच आंघोळ करायचे. कसे राहत असतील ना?"

मी कसली गप्प बसते? "अहो, न्हाणं आठवड्याचं," मी म्हटलं. "म्हणजे केस धुणं. कमरेपर्यंतचे केस, ते वाळायला अर्धा दिवस जायचा. आंघोळ रोजच असायची. तुम्ही तरी रोज शाम्पू लावता का?"

"नाही बाई, केस गळतात."

"मग उद्या तुमची नात म्हणेल, आजी आठवड्यातून दोनदाच आंघोळ करायची."

बाई हसली, दुकानदारही हसला. मुग्धाही जरा हसली, पण परतताना भेळेच्या गाडीवरून मान वळवून पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, तिला सुट्टी होती. जोडाला तसाच अंजिरी खण मिळतो का बघायला आम्ही दादरला गेलो. मार्केटात फुलांचा ओला वास, माणसांना धक्के, आणि दर दुसऱ्या दुकानात शिवून तयार नऊवारी टांगलेली. पायजम्यासारखी पाय घालून चढवायची. एका जुन्या दुकानात काकांनी गाद्यांवर खणांचा ढीग ओतला. चोळी हातात घेऊन ते जाणत्या सुरात म्हणाले, "ताई, एवढी जुनी नसणार ही. शिवलेलं कापड आपल्याकडे इंग्रजांनी आणलं. त्याआधी सगळं गुंडाळायचं."

"असं होय? मग गावोगावचे शिंपी तोवर काय माशा मारत बसले होते?"

काका गडबडले. "नाही, म्हणजे पूजेला शिवलेलं चालत नाही ना, म्हणून मला वाटलं..."

"पूजेला चालत नाही म्हणजे शिवत नव्हते असं कुठंय? देवघरात चप्पल चालत नाही. म्हणून चांभार नव्हते का?"

"हे पटलं," काका मोकळेपणानं म्हणाले आणि आम्हाला चहा मागवला. खण मात्र जुळेना. उजेडात नेला की एक लालसर दिसायचा, दुसरा निळसर. तेव्हा मुग्धालाच सुचलं. दाजींची आत्या गिरगावात राहते. ती त्या चोळीवाल्या आजीची सख्खी मुलगी. घरात सगळे तिला माई म्हणतात. तिच्याकडे जोडीचं लुगडं असलं तर त्यातला तुकडा मिळेल.

दादरहून गिरगावला आता जमिनीखालून मेट्रो जाते. मला कौतुक वाटलं, पण वर येताना सरकत्या जिन्यानं माझ्या साडीचा काठ धरला. खाकी गणवेशातल्या मुलीनं झटकन ओढून सोडवला आणि दटावलं, "काकू, साडी वर धरा. जुन्या बायका साडीत कशा फिरायच्या कळत नाही." त्यांची साडी काष्ट्याची असायची, पोटरीवर, ती त्या नेसून झाडावरसुद्धा चढत; लोंबणारी साडी माझी आहे. हे तिला सांगणार होते, पण काठाला ऑइल लागलेलं बघून बोलावंसं वाटलं नाही.

माईंची खोली चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. पंच्याऐंशी उलटलेली बाई, पण पाठ ताठ. शेजारची परी नावाची आठ-नऊ वर्षांची मुलगी तिथे जमिनीवर पालथी पडून गणितं सोडवत होती. आई कामावर असते, म्हणून ती शाळा नसेल तेव्हा माईंकडेच असते. आम्ही टेकतोय तोच माईंनी ताटं घेतली: सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. मी काही लाजले नाही. मुग्धानं भाकरीचा चतकोर मोडला आणि बाकीची परत ठेवली.

"जेवत कित्याक नाय गो?" माईंनी विचारलं (कित्याक म्हणजे कशासाठी). मालवणी त्यांची सुटलेली नाही.

"डाएट, माई. लग्नात पणजीची चोळी घालायचीय. ती किती स्लिम होती, आणि मी बघ."

माई चावायच्या थांबल्या. "कोण स्लिम? माझी आवस?" (आवस म्हणजे आई.) "अगो, तिच्या चोळीक एक खण कधी पुरलो नाय. शिंपी दर वेळी कुरकुर करायचो. गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळूक, होती ती. दारात उभी रवली की खोलीतलो उजेड जायचो."

"ते म्हातारपणी ना?"

"म्हातारपणी कसला? मी शाळेत जाताना."

मी हात धुतले आणि पिशवीतून चोळी काढून त्यांच्यापुढे ठेवली. "मग ही कुणाची, माई?"

त्यांनी चोळी उचलली, काठावरून बोट फिरवलं. "तिचीच. लग्नातली." मग हाक मारली, "परी, इकडे ये बाय. सरळ उभी रव."

परी पेन्सिल हातात धरूनच उठली. माईंनी चोळी तिच्या शाळेच्या टीशर्टवर, खांद्याला खांदा लावून धरली. बरोबर बसली. बाह्यासुद्धा.

"एवढी होती," माई म्हणाल्या.

मुग्धा बघतच राहिली. परीनं खाली मान घालून काठाकडे पाहिलं आणि विचारलं, "मला आहे का ही?"

"नाय गो. तू आपली गणितां कर," माई म्हणाल्या आणि चोळी पटकन काढून घेतली.

शिवणीतली ती माया मी कालच बघितली होती. एवढी माया शिंपी एकाच कारणासाठी सोडतो. शाळेचा गणवेश शिवताना मीही सोडते आणि क्लासातल्या मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवते: वाढत्या अंगाचा कपडा आहे, आत कापड राखा. मला ते दिसलं, हाताला लागलं, आणि तरी मी कापड आटल्याची गोष्ट रचली. कारण बोहल्यावर उभी राहते ती बाई, एवढंच डोक्यात पक्कं होतं.

माईंनी मग सांगितलं. लग्न गावाकडे, मालवणजवळ झालं. लग्नानंतर चार दिवस तिला सासरी ठेवलं, मग माहेरी परत आणलं. शहाणी झाल्यावर (पाळी सुरू झाल्यावर) ती मुंबईला नांदायला आली. तोवर ही चोळी अंगाला होईना, म्हणून ट्रंकेत गेली. अंगावरच्या पुढच्या सगळ्या चोळ्या घामानं विटल्या, फाटल्या, आणि त्यांचे तुकडे गोधड्यांत गेले. जी वापरली नाही ती तेवढी राहिली, आणि ती बघून नातवंडांनी ठरवलं की आजी चवळीची शेंग होती.

"तिला कुणी विचारलं असेल का गं, माई?" मुग्धाचा आवाज बारीक झाला होता.

"काय विचारतले? रडू नये म्हणून हातात लाडू दिलेलो, असां ती सांगायची. लाडू बरो होतो म्हणायची."

मुग्धा रडली. माईंनी तिला रडू दिलं, कालवण परत गरम केलं आणि ताटात वाढलं. या वेळी तिनं भाकरी पूर्ण खाल्ली, मग आणखी अर्धी मागून घेतली. मी सोलकढीचा पेला तोंडाला लावून दुसरीकडे बघत होते.

संध्याकाळी करी रोडला दाजी वाटच बघत होते. मुग्धानं त्यांना सगळं सांगितलं. आधी ते मानायलाच तयार नव्हते. "असं कसं? बाबा मला सांगायचे..." म्हणत ते चोळी उलटसुलट करत राहिले. मग मी शिवणीतलं दुमडलेलं कापड दाखवलं आणि ते कशासाठी असतं ते सांगितलं. दाजी कोचावर बसले.

"मला कडेवर घेऊन करी रोडचा पूल चढायची ती," ते म्हणाले. "चांगली भरभक्कम होती. मला आठवतंय की. मग मी हे काय बोलत होतो?"

"बाबा, मी ही नाही घालणार," मुग्धा म्हणाली.

"नको घालू." त्यांनी मान वर केली नाही. "पण आजीचं काहीतरी अंगावर असावं असं वाटत होतं मला."

"मग तिच्यासारखी शिवू. एका खणात न बसणारी."

त्याच रात्री जेवणाआधी मी माप घेतलं. टेप छातीवर येताच तिनं सवयीनं पोट आत ओढलं आणि श्वास धरला. मी म्हटलं, "सोड बाई श्वास, मला तुझं माप हवंय." तिनं सोडला. तो आकडा मी मोठ्यानं म्हटला आणि स्वयंपाकघरातून सुनंदानं विचारलं, भात किती लावू? मुग्धाच म्हणाली, "माझापण लाव."

कराडला परत आले तेव्हा क्लासातल्या मुलींनी विचारलं, समुद्र पाहिला का. गिरगावपर्यंत जाऊन चौपाटीवर गेले नाही, यावर कुणाचा विश्वास बसेना. मी त्यांना वाढत्या मापाचा धडा पुन्हा शिकवला आणि या वेळी तो शिकवताना मला वेळ लागला. जुन्या कपड्यांवरून जुन्या माणसांबद्दल आपण किती छातीठोक बोलतो. ट्रंकेत उरतं ते कुणाला कधी होत होतं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

परवा नवा अंजिरी खण कापायला घेतला तेव्हा मुग्धाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तिनं विचारलं, "मावशी, मी परीएवढी असताना कशी होते गं?"

त्या वर्षी ती सुट्टीत माझ्याकडे आली होती. पेरूच्या झाडावरून उतरताना फ्रॉक फाडून घ्यायची, मी शिवून द्यायचे, दुपारी परत फाडून आणायची. भात नको म्हणून ताटाभोवती पळायची. आईची आठवण आली की सांगायची नाही, नुसती येऊन माझ्याजवळ झोपायची आणि माझा पदर मुठीत धरून ठेवायची. झोप लागली तरी मूठ सुटायची नाही. हे सगळं मी तिला सांगितलं.

मग म्हणाली, "सासरच्या त्या चार दिवसांत पणजीनं कुणाचा पदर धरला असेल गं?"