खाण लागण्याआधीचा डोंगर

गल्लीत तिला सगळे टाकेबाई म्हणत. फाटका खिसा, उसवलेली बाही, सैल झालेली कंबर, काहीही घेऊन जा; ती चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "ठेवा, उद्या न्या." तिचा उद्या कधीकधी आठवड्याने उजाडायचा. तरी लोक तिच्याकडेच जात, कारण कापड फाटेल पण तिचा टाका निघणार नाही, अशी ख्याती होती.

नवरा समोरच्या डोंगरातल्या खाणीवर सुरुंग लावायचा. उभी जवानी दगडाची धूळ गिळण्यात गेली आणि शेवटी छातीने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात बसलेली धूळ आता निघायची नाही. मग त्याची खाट पुढच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारी, खिडकीखाली आली. खिडकीतून डोंगर दिसायचा, म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते. अर्धा डोंगर सुरीने कापलेल्या पावासारखा उघडा पडला होता.

"अगं, ती खिडकी झाक," तो म्हणाला.

"पडदा लावते."

"पडद्यातून दिसतंच."

तेव्हा तिने ठरवलं, खिडकीएवढी जाड गोधडी शिवायची आणि तिच्यावर डोंगरच काढायचा, खाण लागण्याआधीचा. चिंध्यांचं गाठोडं तिने जमिनीवर ओतलं. पोरीच्या शाळेच्या जुन्या गणवेशाचा निळा आभाळाला गेला. जुन्या कोटाचं अस्तर कड्याच्या सावलीला बरोबर बसलं. पायथ्याच्या झाडीसाठी तिने स्वतःची एक बरी हिरवी साडीही कापली आणि मग दिवसभर चुटपुटत राहिली.

नवऱ्याला आयतंच काम मिळालं. उशीला टेकून तो चुका काढू लागला.

"तो सुळका डावीकडे होता."

"उजवीकडे. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज बघायची मी."

"तू लांबून बघायचीस. दुरून डोंगर साजरे. मी त्याच्यावर उभा राहिलोय. डावीकडे."

"आणि पाडलात तोही तुम्हीच," ती बोलून गेली.

तिने जीभ चावली, पण सुटलेला शब्द काही परत येत नाही. तो म्हणाला, "हो. म्हणून तर सांगतोय."

तिने सुळका उसवला आणि डावीकडे बसवला.

गोधडी पुरी होईतो थंडी पडली होती. ती खिळे ठोकायला खुर्चीवर चढली, तर तो म्हणाला, "तिथे कशाला? माझ्या अंगावर घाल. गारठलोय."

तिला राग आला. एवढा जीव ओतला तो काय पांघरायला? पण घातली. पुढे एकदा खोकताना गोधडीवर रक्त पडलं. ती घाईघाईने धुवायला गेली, तर झाडीचा रंग सुटून आभाळभर हिरवे ओघळ पसरले. न्हाणीत बसून ती रडली. आपण रक्तासाठी नाही, आभाळासाठी रडतोय, हे ध्यानात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तो गेला तेव्हा ती घरी नव्हती. एका गिऱ्हाइकाची पँट द्यायला गेली होती. परत आली तर पोरगी हातात पेला घेऊन खाटेशी उभी होती.

"पाणी मागितलं बाबांनी," ती म्हणाली. "मी आणेपर्यंत..."

टाकेबाईने तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि तिला बसवलं.

काही दिवसांनी खाणीचे मॅनेजर येऊन गेले. पोरीला वजनकाट्यावर नोकरी देतो म्हणाले. ट्रक आला की वजन घ्यायचं, ड्रायव्हरला सांगायचं, बसूनच काम. ते गेल्यावर टाकेबाई म्हणाली, "त्या धुळीत तू जायचं नाहीस."

"मग काय करू? तुझ्याबरोबर चिंध्या जोडू?"

पोरगी कामाला लागली. पहिल्या संध्याकाळी ती आली ती पांढऱ्या भुवया घेऊन, आणि दारातच हसून म्हणाली, "बघ, म्हातारी झाले." टाकेबाईला हसू आलं नाही. तिने पोरीची ओढणी अंगणात नेऊन झटकली, पुन्हा पुन्हा झटकली.

आता चादरीच्या दुकानातली बाई तिच्याकडून डोंगराच्या गोधड्या करून घेते. गिऱ्हाइकांना हिरवेगार डोंगर लागतात, तसे ती देते. सुळका कुठे हवा ते कुणी विचारत नाही.

उरलेल्या मऊ सुती कापडाचं ती रोज तोंडाला बांधायचं दुपदरी फडकं शिवते. पोरगी ते बांधून घराबाहेर पडते आणि खाणीच्या फाटकापाशी पोचली की काढून खिशात घालते, कारण त्यातून बोललेलं ड्रायव्हरांना ऐकू येत नाही. संध्याकाळी फडकं कोरं करकरीत परत येतं. टाकेबाई ते बघते आणि दुसऱ्या दिवसाचं कापायला घेते.