खळीने चिकटवलेला हुकूम

मुलांनो, तुमची पत्रे मी दोऱ्यात ओवून ठेवते, वहीत चिकटवत नाही. धाकटीने गेल्या सुट्टीत त्याचे कारण विचारले तेव्हा मी विषय बदलला होता. आता लिहून टाकते.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्यानंतरच्या वर्षांत मी मुरुमपासून बसने तासाभरावरच्या एका गावी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. निजामाच्या काळातली उर्दू दप्तरे पोत्यांत भरून माळ्यावर टाकली होती. कागद आता मराठीत येत, कोर्टाचे आणि वरच्या कचेरीचे इंग्रजीत. इंग्रजी नीट वाचणारी त्या गावात मी एकटीच बाई, आणि मला त्याचा गर्व होता. आलेला प्रत्येक हुकूम मी एका जाड वहीत चिकटवत असे. खळ मैद्याची, मी स्वतः शिजवलेली. कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. माझ्या वहीतला कागद कधी सुटला नाही.

शाळेत उर्दूचा एकच वर्ग उरला होता. त्याच्या शिक्षिकेला सगळ्याजणी आपा म्हणत. त्या विधवा होत्या. घरात त्या आणि त्यांची मुलगी, दोघीच. मुलगी आमच्याच शाळेत सातवीत होती, गणितात वर्गात पहिली. सातवी पास झाली की ट्रेनिंगला जायचे आणि शिक्षिका व्हायचे, हे मायलेकींचे ठरले होते.

आपांच्या भावाने मुरुमच्या एका कापडवाल्याकडून उधारीवर माल घेतला होता. आपा जामीन राहिल्या. भाऊ एके दिवशी हैदराबादला गेला तो परतलाच नाही. कापडवाल्याने जामीनदारावर हुकूमनामा मिळवला आणि आपांच्या पगारावर जप्ती आणली. पगार मी वाटत असे, म्हणून तो कागद माझ्या नावाने आला.

मी तो सगळ्यांसमोर वाचला. पगाराचा जप्त होऊ शकेल तेवढा भाग दरमहा कापून कोर्टाकडे पाठवावा, मर्यादा मागील बाजूस, असे त्यात होते. जप्ती म्हणजे निम्मा पगार, हे मी माहेरी वडिलांच्या तोंडून ऐकले होते.

"निम्मा जाणार," मी सांगितले.

आपांनी कागद हातात घेऊन उलटा केला. मागे बारीक छपाई होती.

"पाठीमागं बी काहीतरी लिवलंय, बाई."

"ते छापील असतं. सगळ्यांच्याच कागदावर असतं."

"पैले उर्दूत यायचं. मी वाचलं असतं."

"आता नाही येत," मी म्हणाले. कागद त्यांच्या हातून घेतला, मागच्या बाजूला चारी कोपऱ्यांपर्यंत खळ लावली आणि वहीत बसवला. वरून हात फिरवून बुडबुडे काढले.

पगाराच्या दिवशी माझी एक पद्धत असे. आपांनी आधी रजिस्टरातल्या रेव्हेन्यू तिकिटावर पूर्ण पगाराची सही करायची, पूर्ण पगार हातात घ्यायचा, आणि मग त्यातला निम्मा स्वतः मोजून माझ्या टेबलावर परत ठेवायचा. असे केल्याने रजिस्टर स्वच्छ राहते, असे माझे म्हणणे. बाकीच्या शिक्षिका रांगेत उभ्या राहून बघत. मनीऑर्डरचे कमिशनही मी आपांच्या उरलेल्या पैशांतूनच घेई.

"आपांचा पगार पाव्हण्यावाणी हाय," शिपाईबाई म्हणाली. "टेकला न्हाय तोवर उठतोय." सगळ्या हसल्या. मीही हसले.

चौथ्या महिन्यात आपा शाळा सुटल्यावर थांबल्या.

"बाई, परीक्षेपावेतो थांबवा. पोरीची सातवी होऊ द्या. मग सगळा पगार कापा."

"कोर्टाचा हुकूम आहे, आपा. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्याच हातात तर देते की मी, दर महिन्याला."

मला ते उद्धट वाटले. मी पुस्तक उघडून वाचत बसले, त्या जाईपर्यंत.

दिवाळीनंतर मुलगी शाळेत आली नाही. आपांनी तिला सोलापूरला मावशीकडे विड्या वळायला पाठवले होते. नियमाचे दिवस भरल्यावर मी पटावरचे तिचे नाव लाल शाईने कमी केले आणि कारणाच्या रकान्यात 'गाव सोडले' असे लिहिले. अक्षर चांगले आले होते.

चौदाव्या महिन्यात शाळा तपासनीस आले, हैदराबाद संस्थानच्या जुन्या नोकरीतले, वयस्कर. त्यांनी वही चाळली आणि त्या पानावर बोट ठेवले.

"मागची बाजू कुठंय?"

"चिकटवली आहे."

त्यांनी ओले फडके मागवले आणि कागद सावकाश सोडवला. मोरचुदाचा निळसर डाग पडला होता, पण अक्षरे वाचता येत होती.

"पहिल्या शंभर रुपयांना हात लावायचा नाही," ते वाचत म्हणाले. "वरच्या रकमेचा निम्मा तेवढा घ्यायचा. आणि एका हुकूमनाम्यापायी दोन वर्षं कापून झालं की तेही बंद. बाईंचा पगार किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"मग चौदा महिने तुम्ही काय कापत होता?"

मी ओले फडके उचलून पिळले.

"पैसे कापडवाल्याला पोचले. परत पाहिजेत तर बाईंनी वकील लावून कोर्टात अर्ज करावा. न्हाई तर शिक्षण खातं तुमच्याकडून वसूल करील." त्यांनी चष्मा पुसला. "आता त्यांची तक्रारच नसंल, तर मला लिहायचं कारण न्हाई."

मी उठून आपांच्या वर्गात गेले. मागे काय लिहिले होते ते त्यांना सांगितले, कारण न सांगता सही मिळाली नसती. त्या खडू हातात धरून ऐकत होत्या.

"पुढच्या महिन्यापासून पूर्ण पगार मिळेल," मी म्हणाले. "पण आधी यावर सही लागेल."

कागदावर मी त्यांच्या वतीने मराठीत लिहिले होते, 'झालेल्या कपातीला माझी हरकत नाही.' पूर्ण पगार हा त्यांचा हक्कच होता, आणि तोच मी त्यांना सहीच्या बदल्यात देत होते. त्यांनी मला कागदाची मागची बाजू दाखवायला सांगितली. ती कोरी होती. मग त्यांनी खाली उर्दूत दोन ओळी लिहिल्या.

मला उर्दू येत नव्हते. तपासनिसांना येत होते.

"यात लिहिलंय," ते म्हणाले, "'कागद दोन्ही बाजूंनी बघितला. मुलगी सोलापुरात आहे.' खाली नाव आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "ही तक्रार समजायची का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी हिरव्या शाईने बरोबरची खूण केली.

पुढच्या महिन्यात आपांना पूर्ण अठ्ठ्याऐंशी रुपये मिळाले. मुलगी तोवर विड्यांत रुळली होती. मावशीने तिला परत पाठवले नाही. आपांनी तिकिटावर सही केली, नोटा मोजल्या आणि त्यातल्या निम्म्या माझ्या टेबलावर ठेवल्या. सवयीने ठेवल्या की मुद्दाम, ते मला कळले नाही. मागे रांग उभी होती. मी त्या नोटांकडे बघत बसले. थोड्या वेळाने आपांनीच त्या उचलल्या आणि वर्गावर गेल्या.