बेटाचं विरजण

खांदा कॉलनीजवळच्या रोपवाटिकेत एक बाई बांबूची रोपं वाढवायची. पिशवीत माती भरली की गावच्या जुन्या बांबूच्या बेटातली मूठभर माती त्यात मिसळायची. त्या मातीत केसासारखी पांढरी बुरशी असे. “ह्ये विरजण,” ती म्हणायची, “याच्याबिगर रोप जीव धरत नाय.”

यंदा गेलो तर रोपं वीतभरही वाढली नव्हती, पिवळी पडली होती. बेट तोडून तिथे भराव टाकला होता. सवयीने ती रिकामी मूठच पिशव्यांवर झटकत होती.

“दुसऱ्या बेटातलं आणा की,” मी म्हणालो.

“विरजण संपलं तर शेजारी मागतात. शेजारी पन भरावच हाय.”

मी एक रोप मागितलं. तिने पिशवी मागे ओढली.

“नका नेऊ. तुमच्या हातनं मेलं असं वाटंल तुमाला.”