मोटारसायकलच्या पिशवीत मामांची हाळी

ज्या रविवारी मामांची मेंढरं विकली जाणार होती, त्याच्या आदल्या दिवशी मी क्रांती चौकामागच्या एका गल्लीत उकिडवा बसून माझ्या मोटारसायकलच्या पिशवीत ॲम्प्लिफायर बसवून घेत होतो. हे वाचून माझ्याबद्दल तुमचं मत वाईट झालं असेल, तरी ते माझ्या बायकोच्या मतापेक्षा वाईट नसणार. म्हणून निर्धास्तपणे पुढे सांगतो.

आधी मामा. माझ्या आईचे हे धाकटे भाऊ अजिंठ्याजवळच्या एका खेड्यात राहतात. सत्तरी ओलांडली, पण चालणं मेंढरांच्या वेगानं. शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्या मागे माळावर काढल्या आहेत. त्यांची हाळी अशी की ती या टेकडीवर निघायची आणि पलीकडच्या वस्तीवरच्या बायका तवा चुलीवर ठेवायच्या, कारण मेंढरं परत फिरली म्हणजे दिवस कलला. ‘हुर्रर्रर्र… हाऽऽव… ये ये ये ये!’ कागदावर लिहिलं की काहीच वाटत नाही. कानावर पडलं की माणसाचेही पाय वळत.

गेल्या वर्षी त्यांच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण जाताना आवाज घेऊन गेली. उरली ती नुसती कुजबुज, कोरड्या पानांवरून कुणी चालत असल्यासारखी. आणि मेंढपाळाला ओरडताच आलं नाही तर कळप आवरणार कसा? दिवाळीनंतर एका सकाळी मेंढरं मोठ्या रस्त्याकडे निघाली. मामांनी हाळी दिली, ती ओठांबाहेर पडलीच नाही. ते धावत सुटले. एका ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून मेंढरं वाचली आणि त्यांच्यामागे रस्त्यावर आलेले मामाही.

त्या दिवशी माझ्या मामेभावानं ठरवलं, कळप विकायचा. मला फोन आला.

“दादा, रविवारी याच तुम्ही. गिऱ्हाईक येणारंय. आबा तुमचं ऐकतेत.”

“ते काय म्हणतायत?”

“काय म्हनतील? भांडायला बी आवाज लागतोय की.”

म्हणजे मला मामांची समजूत घालायला बोलावलं होतं. भाच्याला मान असतो, तो असा वसूल होतो. मामेभावाचंही चुकत नव्हतं, बापाला ट्रकखाली जाताना कोण बघेल? पण सकाळी उठल्यावर मामा जाणार तरी कुठे, हे मला सुचत नव्हतं. अशा वेळी मी हमखास एखादा मूर्खपणा हाती घेतो. डोकं तेवढंच गुंतून राहतं.

मूर्खपणा तयारच होता. मी बजाजनगरात राहतो, वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंग बघतो, आणि मोटारसायकलवर गातो. मोठ्यानं गातो. बायको मागे बसायची बंद झाली ती त्यामुळेच. म्हणाली, “एक तर तुम्ही गाल, नाहीतर मी बसेन.” त्यावर मी तोडगा काढला की गाडीलाच गायला लावू. मागे दोन्ही बाजूंना कडक फायबरच्या पिशव्या होत्याच. एकीत ॲम्प्लिफायर, दोन्हींच्या तोंडाला एकेक स्पीकर, आणि गाणी मोबाइलवरून, ब्लूटूथनं.

“अहो,” बायको म्हणाली, “या वयात माणसं गुडघ्याला पट्टा बांधतात. तुम्ही गाडीला कर्णे बांधा.”

गल्लीतला फिटर माझ्याच वयाचा, मेंदी लावलेली दाढी, कानामागे टेस्टर. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

“कायकू चच्चा, बारात किसकी निकालरे?”

चच्चा! मी म्हटलं, “दाढी तुमची लाल आहे, माझी नाही.”

“मेंदी लगानेकू दाढी तो होना ना, चच्चा!”

पण हात देवमाणसाचे. सीट काढून त्यानं बॅटरीपासून वायर नेली, सुरुवातीलाच फ्यूज घातला, आणि पिशवीच्या तळाला जाड स्पंज अंथरून त्यावर ॲम्प्लिफायर घट्ट बसवला. खड्ड्यांत आदळू नये म्हणून. मग पिशवीला खालून भोकं पाडली. “ये गरम होता. सांस लेनेकू जगा होना.” गाडी चालू केली, गाणं लावलं, आणि ॲक्सिलरेटर पिळला तसा स्पीकरमधून भलामोठा डास ओरडला, कुंईऽऽऽ! जितकं पिळावं तितका डास चिडे. फिटरनं कान टेकवला, मग चेसीवरचा रंग नखाएवढा खरवडून अर्थिंगची वायर तिथे उघड्या लोखंडाला आवळली. डास मेला. मी टाळ्या वाजवल्या. समोरच्या पंक्चरवाल्यानंही वाजवल्या.

“एक बात याद रखो,” फिटर म्हणाला, “आवाज घाट में बढ़ाओ, गाँव में घटाओ. और चावी चालू रही, तो ये भी चालू.”

मी मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यांचा माझ्या बाबतीत कधी संबंध नसतो.

आता माझ्या मोबाइलच्या घंटीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिनंच केलं. दोन दिवाळ्यांपूर्वी मामांचा गळा शाबूत असताना मी त्यांची हाळी चोरून रेकॉर्ड केली होती आणि तीच घंटी म्हणून लावली होती. कारखान्यात बैठकीत एकदा वाजली, तेव्हा मोठे साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी बायकोनं मामांसाठी धपाटे आणि दह्याचा डबा दिला. तिची भिशी होती म्हणून ती आली नाही, असं ती म्हणाली. मी डबा पिशवीत टाकला आणि निघालो. चौक्याच्या घाटात आवाज पूर्ण वाढवला. फुलंब्रीत चहावाल्यानं पेला वर करून सलाम केला. सिल्लोडच्या पुढे एक ट्रॅक्टरवाला मुद्दाम माझ्या वेगानं चालत राहिला, गाणं संपेपर्यंत. मी राजा होतो. मामांच्या गावाची कमान दिसली आणि एकदम आठवलं, मी कशासाठी आलोय. गाणं बंद केलं. आवाज कमी करायचा राहिला.

शिवारात, कापूस वेचून झालेल्या रानात, काठ्यांना जाळं बांधून केलेल्या वाड्यात मेंढरं कोंबलेली होती. गिऱ्हाईक म्हणजे तांबडा फेटा, पांढऱ्या मिशा, स्वतः जन्मभर मेंढरं राखलेला म्हातारा. तो एकेका मेंढीच्या पाठीचा कणा बोटांनी चाचपत होता आणि ओठ उघडून दात बघत होता. मामेभाऊ शेजारी उभा. आणि मामा दूर लिंबाखाली, आमच्याकडे पाठ करून. शेजारी त्यांचं तट्टू, तेही पाठ करून.

मी गाडी बांधाला लावली. चावी मात्र काढली नाही. खरं सांगतो, चावी चालू असली की पिशवीच्या फटीतून एक निळा दिवा चमकायचा, तो चारचौघांनी बघावा अशी माझी इच्छा होती. घरात असा प्रसंग आणि माझी ही इच्छा! मी मामांकडे जायला दोन पावलं टाकली, आणि बायकोचा फोन आला.

‘हुर्रर्रर्र… हाऽऽव… ये ये ये ये!’

घाटाला पुरेल एवढ्या आवाजात, दोन्ही स्पीकरमधून.

मेंढरांनी माना वर केल्या. क्षणभर सगळं रान थांबलं. मग वाडा हलला. एक काठी आडवी झाली, तिच्यामागे दुसरी, जाळं जमिनीला मिळालं आणि सगळा कळप त्या फेटेवाल्याला वळसा घालून, मामेभावाच्या पायांतून वाट काढून, धुरळा उडवत माझ्याकडे निघाला. माझ्याकडे कसला, पिशवीकडे! मी गाडी आणि लोकर यांच्यामध्ये चेंगरलो. एका एडक्यानं स्पीकरला कपाळ टेकवलं आणि डोळे मिटले.

“फोन उचला दादा!” मामेभाऊ ओरडला.

“हात निघत नाही रे!”

‘हुर्रर्रर्र… हाऽऽव…!’ मागे राहिलेली दोन कोकरंही आली.

शेवटी जाकिटात हात घालून मी फोन कसाबसा उचलला, आणि सगळ्या शिवारात माझ्या बायकोचा आवाज घुमला: “अहो! ते दही तुमच्या त्या यंत्राच्या पिशवीत नाही ना ठेवलं? तापून वाट लागेल त्याची!”

मेंढरं दोन पावलं मागे सरली. माझ्या बायकोच्या आवाजात तेवढा दम आहे.

फेटेवाला बांधावर बसला आणि पोट धरून हसू लागला. पण मी लिंबाकडे बघत होतो. मामा उठले होते. हळूहळू चालत आले, कळपातून वाट काढत, आणि कुजबुजले, “हाळी कुनी दिली?”

“तुम्हीच, मामा.” मी फोन दाखवला. चोरीचा माल मालकाला दाखवावा तसा.

“मीच व्हय?”

“तुम्हीच.”

“लावून दाव.”

मी पुन्हा लावली, या वेळी हळू. त्यांनी डोळे बारीक करून पूर्ण ऐकली. मग म्हणाले, “‘हाव’ जरा आखूड झालंय. घाईत असन मी.” आणि दोन बोटांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पिशवीत एक बिनवायरचा माइकही होता. घाटात थांबून गायचा माझा विचार होता, तो बायकोला सांगितलेला नाही. मी माइक मामांच्या हातात दिला. माइक हातात आल्यावर प्रत्येक माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, फू फू! आणि मग त्याच कोरड्या पानांच्या आवाजात म्हणाले, “ये… ये ये ये…”

पिशवीतून तीच कुजबुज निघाली, पण भरदार, रानभर पसरणारी. मेंढरांनी गाडीकडे पाहिलं, मग मामांकडे, मग परत गाडीकडे.

“आवाज तिकडं अन् मानूस हिकडं,” मामा म्हणाले. “जनावरानं काय समजावं?”

मग मामांनी तट्टूकडे पाहिलं आणि मी तट्टूच्या पाठीवरच्या गोणपाटाच्या पिशव्यांकडे. तट्टू म्हणजे तरी काय, दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेली मामांची मोटारसायकलच. प्रश्न बॅटरीचा होता. तो मामेभावानंच सोडवला. घरी गेला आणि कापसाच्या फवारणीचा पंप घेऊन आला. त्याच्या तळाची बॅटरीही बारा व्होल्टची! मी पाना आणि पक्कड घेऊन बसलो. स्पंजासकट ॲम्प्लिफायर काढला, फ्यूज काढला, फिटरची एकेक कृती आठवत तट्टूच्या पिशवीत जोडला. दोन्ही स्पीकर तोंडं बाहेर काढून बांधले. पिशवीला भोकं पाडायची गरज नव्हती, ती आधीच भरपूर होती.

“दिसायला झ्याक हाय,” फेटेवाला म्हणाला. “पर मोठ्या रस्त्याकडं निघालेली मेंढरं फिरवून दावा. मंग मी उठतो.”

मामेभावानं कळप रस्त्याच्या दिशेनं हाकलला. मामांनी तट्टूचा दोर एका हातात धरला, माइक दुसऱ्या. मेंढरं लांबच्या बांधापर्यंत गेली. पुढच्या दोघी बांधावर चढल्या. मामेभाऊ पळायच्या बेतात, एक पाय पुढे. मामा मात्र वाट बघत होते. घाई केली की ‘हाव’ आखूड होतं, हे त्यांनी नुकतंच ऐकलं होतं.

मग त्यांनी श्वास घेतला आणि हाळी दिली. ‘हुर्रर्र’ धड निघालंच नाही, नुसती घरघर. पण ‘हाव’ बरोबर बसलं.

बांधावरच्या दोघींनी मान वळवली. मग उड्या टाकून खाली. पाठोपाठ सगळा कळप फिरला आणि सरळ तट्टूकडे, तट्टूजवळच्या माणसाकडे आला.

फेटेवाला उठला, कपडे झटकले. “ही मेंढरं नेऊन मी काय करू? याच्याकडं मोबाइल वाजला की निघाली माघारी!” आणि मामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “भाच्याला म्हनावं, मला बी एक बसवून दे.”

मामेभाऊ बापाकडे न बघता म्हणाला, “रस्त्याच्या अंगाला न्यायची नाय. अन् बॅटरी रोज रात्री मी लावीन चार्जिंगला.”

“व्हय,” मामा माइकमध्येच म्हणाले. सगळ्या शिवारानं कबुली ऐकली.

फेटेवाला गेल्यावर धपाटे खायला बसलो तर ते अजून गरम. ॲम्प्लिफायरशेजारी शंभर किलोमीटर शेकले होते. दह्याची मात्र बायकोनं सांगितली तशीच वाट लागली होती. मामेभावाच्या बायकोनं लसणाची चटणी वाढली आणि पलीकडच्या रानात कापूस वेचायला गेली. आम्ही तिघं लिंबाखाली लवंडलो.

मामांची एक सवय सांगायची राहिली. ते दिवसभर मेंढरांशी बोलतात. आवाज गेल्यापासून जास्तच, कारण कुणाला ऐकू जात नाही. एक म्हातारी मेंढी येऊन त्यांच्याजवळ टेकली. माइक अजून त्यांच्या मांडीवर होता, आणि तो चालू होता.

“आज चांगलं खायला भेटलं बग,” ते तिला सांगू लागले. “न्हायतर आमच्या सूनबाईचं कालवन… मीठ हाय का पानी, कळंना. चहा तर इचारूच नगं.”

तट्टूच्या दोन्ही पिशव्यांतून ही तक्रार गंभीरपणे रानभर गेली. पलीकडच्या कापसातून एक खणखणीत आवाज आला, बिनमाइकचा:

“मामंजी! ऐकू येऊ लागलंय बरं का!”

मामा दचकले. माइककडे पाहिलं, तट्टूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग गेल्या वर्षभरात पहिल्यांदा ते मोठ्यानं हसले, आणि ते हसू माइकमधून पार पलीकडच्या कापसापर्यंत ऐकू गेलं.

परतताना माझ्या पिशव्या रिकाम्या होत्या. घाटात मी स्वतःच गायलो.