पितळी बटणाची पिशवी

वाचनालयाच्या दालनात सध्या जुन्या रस्त्यांची छायाचित्रे मांडलेली आहेत. त्यांपैकी एकात टपाल कचेरीच्या भिंतीवर आरसा लावलेला दिसतो. त्याच्यापुढे खुर्ची, खुर्चीत फेसाने तोंड माखलेला मनुष्य आणि शेजारी त्याची दाढी करणारा कारागीर आहे. भिंतीवर खिळ्यांना लहान कापडी पिशव्या ओळीने टांगल्या आहेत. त्यांत काय असावे, याविषयी पाहणारे तर्क लढवतात. कोणी म्हणतो जडीबुटी, कोणी म्हणतो पाखरांचे दाणे. त्या पिशव्या मी शिवल्या आणि तो कारागीर म्हणजे माझे यजमान. म्हणून ही हकीकत लिहिणे मला उचित वाटते.

यजमान बोलण्यात फार चिक्कू होते. दाढी करताना रंगतदार गप्पा व्हाव्यात, अशी गिऱ्हाइकांची अपेक्षा असे. हे मात्र ‘मान वर’ आणि ‘मान खाली’ एवढ्यावर दिवस काढीत. त्या काळी सर्वांना एकच वस्तरा, एकच टॉवेल आणि तुरटीचा एकच खडा चाले. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

एका उन्हाळ्यात गल्लीतल्या पुरुषांच्या हनुवटीवर पुळ्या उठू लागल्या. लोक उन्हाला बोल लावीत होते. हे जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, “ऊनबिन काही नाही गं. पुळ्या माझ्याकडे दाढी करून घेणाऱ्यांनाच येतायत. माझाच टॉवेल गालोगाल पाहुणचार घेतोय.”

दुसऱ्या दिवसापासून मी टॉवेल उकळू लागले. नेमका तेव्हाच माझा थोरला भाऊ दाढीला आला. त्याच्या हनुवटीवर पुळ्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला नोकरीसाठी साहेबांपुढे उभे राहायचे होते. ह्यांनी चारचौघांत सांगितले, “मेहुणे, आज तुमच्या गालाला हा वस्तरा लागणार नाही.”

“का हो दाजी? मी काय उकिरड्यावरून उठून आलोय?” भाऊ खुर्चीतून उठला. “तुमच्या घराची पायरी चढलो तर नाव बदलीन!”

आईवडिलांच्या मागे माझे माहेर म्हणजे तो एकटाच होता. मी ह्यांना म्हणाले, “नाही म्हणालात ते ठीक. पण चार माणसांत बोलायची काय गरज होती?”

“चार माणसांत नाही बोललो, तर चार माणसांना कळणार कसं?” हे म्हणाले.

मग बराच वेळ ते पेटीत काही शोधत राहिले. पेटीच्या तळाशी त्यांच्या वडिलांचा वस्तरा जपून ठेवलेला होता. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. “याला एक पिशवी शिव.” मी जुन्या सदऱ्याची पिशवी शिवली आणि खूण म्हणून तिला पितळी बटण लावले.

संध्याकाळी आम्ही दोघे भावाकडे गेलो. वहिनीने पाणी दिले, पण भाऊ भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. ह्यांनी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. “माझ्या वडिलांचा वस्तरा आहे. आजपासून फक्त तुमचा. दुसऱ्या कोणाला लावणार नाही.”

“म्हणजे मला वेगळंच काढलंत की!”

“वेगळं काढलं नाही, वर बसवलं. स्वतःचा वस्तरा साहेबालासुद्धा नसेल.”

वहिनीला हसू फुटले. भाऊ काही हसला नाही, पण खिडकीशी जाऊन बसला आणि मान वर केली. ह्यांनी पुळ्या वाचवून हलक्या हाताने दाढी केली. त्याला नोकरीही लागली.

पुढे भावाने पिशवी आपल्या हाताने आरशाशेजारच्या भिंतीवर पहिल्या खिळ्याला टांगली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागला, “आमचा खास वस्तरा आहे बरं. दाजी दुसऱ्या कोणाला त्याचा वारा लागू देत नाहीत.” बाकीच्यांना हे कसे सहन व्हावे? “आम्ही काय सावत्र का?” म्हणत एकेक जण स्वतःचा वस्तरा आणि टॉवेल घेऊन आला. यजमानांना समजावण्याचे कष्ट पडले नाहीत. भावाच्या बढाईने ते काम केले. प्रत्येक पिशवीला मी निराळे बटण लावले. हळूहळू पुळ्या ओसरल्या.

आज यजमान नाहीत, भाऊही नाही. छायाचित्रातला खुर्चीतला मनुष्य कोण, हे फेसामुळे कोणालाच ओळखता येत नाही. मी मात्र भिंतीकडे पाहते. बाकी सर्व पिशव्या भरलेल्या आहेत. पहिल्या खिळ्यावरची, पितळी बटणाची, रिकामी लोंबते आहे; तिच्यातला वस्तरा ह्यांच्या हातात आहे.