मामीची चिमूट

आमच्या मामाला आयुष्यात एकच गोष्ट येत होती, कपडे शिवणं. ती मात्र अशी यायची की गिऱ्हाईक जाड होवो की बारीक, शिंपी बदलत नसे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे मशीन, कापायचं टेबल आणि गळ्यात टेप घातलेला मामा. मधे एक पडदा. पडद्यामागे स्वयंपाकघर आणि तिथे मामीचं राज्य. मामा पाणीसुद्धा पडद्याअलीकडून हाक मारून मागायचा. मी वरच्याच मजल्यावर राहते, दातांच्या डॉक्टरांकडे कामाला जाते आणि लहानपणापासून जेवते मामीच्या हातचं. त्यामुळे पुढे जे झालं त्यात सगळ्यात जास्त हाल माझ्या जिभेचे झाले, हे आधीच सांगून ठेवते.

झालं असं की मामीचे हात थरथरायला लागले. आधी कपातला चहा बशीत सांडायचा. मग सुरी बोटाला लागली. मग उकळतं पातेलं हातातून सुटलं. पायावर आलं नाही हे नशीब. डॉक्टर म्हणाले, औषधाने कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही, आणि यापुढे गॅसजवळ उभं राहायचं नाही.

मामाची मुलगी, म्हणजे आमची ताई, दुसऱ्या शहरात मुख्याध्यापिका आहे. फोनवरसुद्धा हजेरी घेतल्यासारखी बोलते. "बाबांना साधा भात लावता येत नाही. तुम्ही रोज खाणार काय? दुकान बंद करा आणि दोघं माझ्याकडे या. महिनाअखेरच्या रविवारी मी न्यायला येते."

ताईचं काही चुकत नव्हतं. तरी मला तिचा राग आलाच. मामीने फोन ठेवला आणि पडद्याची कड चाचपत बसून राहिली. मग मामाला म्हणाली, "अहो, मला नाही जायचं. सकाळी तुमचं मशीन सुरू झालं नाही तर मला उजाडल्यासारखंच वाटणार नाही."

मामा उठला. गळ्यातली टेप तशीच ठेवून पडदा सारून आत गेला.

मामी स्टुलावर बसली आणि शिकवणी सुरू झाली. "बटाटे चिरा," ती म्हणाली.

"किती इंच?"

मला वाटलं चेष्टा करतोय. कसली चेष्टा. बटाट्यावर खडूची रेघ उमटेना म्हणून हा माणूस खरोखर वैतागला होता. शेवटी तुकडे झाले, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे सगळे एका मापाचे, पण तोवर दुपार टळून गेली होती आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते.

मग आलं मीठ. मामी म्हणाली, "अंदाजाने घाला." मामा म्हणाला, "अंदाज म्हणजे किती?" मामी म्हणाली, "अंदाज म्हणजे अंदाज." आता शिंप्याची खोड अशी की कापड नेहमी थोडं जास्तीचं ठेवायचं, शिवणीच्या आत दाबून. पुढेमागे माणूस सुटला की उसवून सोडता येतं. मामाने त्याच हिशेबाने मीठ घातलं, थोडं जास्तीचं, पुढेमागे लागेल म्हणून. पहिला घास घेतला आणि माझे डोळे पांढरे झाले. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हटलं असतं तर मला सात जन्म पुरले नसते. मामी शांतपणे म्हणाली, "आता हे उसवून दाखवा."

त्या दिवसापासून मामाने मिठाची धास्तीच घेतली. रस्सा असा अळणी व्हायला लागला की आजारी माणसानेही नाक मुरडावं. भात कधी खळ, कधी खडे. एकदा दुकानात गिऱ्हाईकाचं माप घेता घेता आत दूध उतू गेलं, आणि मामाने त्याची छाती आणि कंबर उलटीसुलटी लिहून घेतली. मी तोंड सोडायची, "मामा, मला जगायचंय रे." मामी मात्र ताटातलं निमूट संपवायची. तेच बघवत नव्हतं. तिला वाटायचं, आपण नावं ठेवली की मामा हात टेकेल, आणि मग जावंच लागेल.

काही गोष्टी मात्र त्याला आपसूक येत गेल्या. इस्त्री तापली का ते तो पाण्याचे शिंतोडे मारून बघतो, तसाच तवाही बघायला लागला, आणि तव्याचं कधी चुकलं नाही. कापड करपायच्या आधीचा वास त्याच्या नाकात मुरलेला होता. त्यामुळे कांदा नेमका लाल झाला की तो पुढच्या खोलीतून, मशीन थांबवून, आत धावायचा. अडायचं ते फक्त मिठाशी.

एक दिवस मामी वैतागून उठली आणि स्वतःच चिमूट घेऊन पातेल्याकडे निघाली. हात असा हलला की अर्धं मीठ गॅसवर. तिचा चेहरा पडला. मामाने गॅस बंद केला, आपला तळहात तिच्या हाताखाली धरला आणि म्हणाला, "इथे टाक." तिने टाकलं. त्याने ते तळहातावर तोललं, बोटाने चाचपलं, कापडाचा पोत बघतो तसं. "परत टाक." मग रोज तेच. मी दवाखान्यातून यावं तर हे दोघं चिमटीचा खेळ मांडून बसलेले. मामीची सवय अशी की मीठ टाकलं की अंगठा बोटांवर चोळून उरलेले कण पाडायचे, पातेल्याच्या कडेला नखाने एक टिचकी मारायची आणि "झालं" म्हणायचं. मामाने माप घेतलं ते टिचकीसकट.

रविवारी ताई आली, सामान भरायला रिकाम्या पिशव्या घेऊनच. मामाने पुढच्या खोलीतच भात आणि रस्सा वाढला. मामीचा जीव टांगणीला. ताईने एक घास घेतला, दुसरा घेतला आणि हात थांबवला.

"आई, हे तू केलंयस."

"नाही गं, बाबांनीच."

"ही चव मला कळत नाही का? हात असे कापतायत आणि तू गॅसजवळ उभी राहिलीस? बाबा, तुम्ही राहू दिलंत? बस झालं. आजच निघायचं."

आता बोला. वाईट झालं असतं तर नेलं असतं, चांगलं झालं तर नेणारच. मी भडकले. "महिनाभर ते खारट-अळणी कोणी गिळलं, विचार की मला," म्हटलं. ताई म्हणाली, "तू गप्प बस, तू त्यांच्यातलीच." मामीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मामा भांडला नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तरी तो कधी वाद घालत नाही. म्हणतो, घालून बघा. तसंच त्याने ताईला आत नेलं, मामीच्या स्टुलावर बसवलं आणि पातेलं नव्याने चढवलं. मामी बाहेर मशीनपाशीच बसून राहिली. कांदा लाल झाला, एका मापाचे बटाटे पडले, पाणी उकळलं. मामाने चिमूट घेतली, टाकली, अंगठा बोटांवर चोळला, कडेला टिचकी मारली आणि म्हणाला, "झालं."

ताई त्याच्या हाताकडे बघतच राहिली. मग रडायला लागली. हिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसून तिने आपला तळहात बापापुढे धरला. "मलाही द्या. आईने मला कितीदा शिकायला बस म्हणून सांगितलं, मीच कधी बसले नाही."

मामाने तिच्या तळहातावर चिमूट सोडली. तिने मूठ मिटली. पिशव्या आल्या तशाच रिकाम्या परत जाणार, हे सगळ्यांना कळलं.

पडद्यापलीकडून मामी म्हणाली, "अहो, गॅस बारीक करा. खाली लागेल."